डॉक्टरी चुकांमुळे होणारे मृत्यू: फिरणाऱ्या आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ७१ वर्षांचे, पित्ताशयात खडे, सर्जननी दुर्बिणीतून ऑपरेशन सांगितलंय. तेवढ्यात घरच्या ग्रुपवर मेसेज आला की अमेरिकेत हृदयविकार आणि कॅन्सरच्या खालोखाल डॉक्टरांच्या चुकांनी माणसं मरतात आणि भारतात तर अशी ५२ लाख माणसं दरवर्षी जातात. काकांनी तो मेसेज धरून ऑपरेशनला विरोध सुरू केलाय. हे आकडे कितपत खरे मानायचे, असं तुम्ही विचारलंय.

मी फिजिशियन. बरीच वर्षं मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात काढली आणि तिथल्या डेथ ऑडिटच्या बैठकांना बसणं हा कामाचाच भाग होता. दगावलेल्या रुग्णाचा केसपेपर पुढ्यात घेऊन ‘हा वाचला असता का’ हे ठरवणाऱ्यांपैकी मी एक. जगातले असले बरेचसे आकडे शेवटी अशाच कुठल्यातरी टेबलावर तयार होतात, म्हणून ते खरे की खोटे हे एका शब्दात सांगायला मी कचरतो. आकडा कशासाठी हवा आहे त्यावर बरंच अवलंबून असतं. रुग्णालय सुधारायचं असेल तर जाळं मोठं टाकलेलं बरं, थोडा जरी संशय असला तरी तो मृत्यू मोजावा. वडिलांचं ऑपरेशन करायचं का, हे ठरवायला मात्र तोच आकडा कुचकामी. तुमच्या प्रश्नात या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत, त्या मी वेगळ्या करतो.

आधी ५२ लाखांचं बघू, कारण ते पटकन निकालात निघतं. २०२० साली भारतात नोंद झालेले सगळे मृत्यू मिळून सुमारे ८१ लाख. मेसेज खरा धरला तर मरणाऱ्या दर तिघांतले जवळजवळ दोघं डॉक्टरांच्या हातून गेले. त्यातही मृत्यूचं कारण डॉक्टरने लिहून दिलंय असे मृत्यू फक्त २२.५ टक्के, म्हणजे १८ लाखांच्या आसपास. डॉक्टरांच्या चुकांचे मृत्यू डॉक्टरांनी प्रमाणित केलेल्या एकूण मृत्यूंच्या तिप्पट कसे होतील? हा आकडा मुळात आला २०१३ सालच्या एका अंदाजातून. तेव्हा हार्वर्डमध्ये असलेले आशिष झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातल्या ४२ कोटी रुग्णालय-भरत्यांमागे सुमारे ४ कोटी २७ लाख अपाय होत असावेत असं मांडलं होतं. त्यातला भारताचा वाटा म्हणून ५२ लाख ही संख्या आपल्या वर्तमानपत्रांत छापून आली. अपाय म्हणजे औषधाचा दुष्परिणाम, कॅथेटरमुळे (शरीरात घातलेल्या नळीमुळे) झालेला संसर्ग, बेडसोअर म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमा, वॉर्डात घसरून पडणं. बेडसोअर झालेला माणूस मेलेला नसतो. मेसेज पुढे ढकलता ढकलता कुणीतरी अपायाचा मृत्यू करून टाकला.

‘तिसऱ्या क्रमांकाचं कारण’ हे प्रकरण एवढं सोपं नाही. ते एका नामांकित नियतकालिकात, बीएमजेमध्ये, मे २०१६ मध्ये आलं. लेखक मार्टिन मकारी आणि मायकल डॅनियल. त्यांनी स्वतः एकही केसपेपर तपासला नव्हता. आधीचे चार अभ्यास घेतले, त्यांतून मृत्यूचं सरासरी प्रमाण काढलं आणि अमेरिकेतल्या २०१३ सालच्या ३,५४,१६,०२० भरत्यांना गुणलं. उत्तर आलं २,५१,४५४. असा अगदी एककापर्यंत दिलेला आकडा पाहिला की वाचणाऱ्याला वाटतं, कुणीतरी माणसं मोजली असणार. त्या चारांतला एक अभ्यास विम्याच्या नोंदींवर उभा होता. उरलेल्या तिघांत केसपेपर खरोखर वाचले होते, आणि त्या तिघांत मिळून मृत्यू होते ३५. त्यातही काही अभ्यास फक्त मेडिकेअर या सरकारी विमा योजनेतल्या, म्हणजे मुख्यतः ६५ वर्षांपुढच्या रुग्णांचे. तेच प्रमाण बाळंतपणासाठी दाखल झालेल्या पंचविशीतल्या मुलीलाही लावलं गेलं. शिवाय मूळ अभ्यासांत ‘अपायाचा मृत्यूला हातभार लागला’ असं होतं. गुणाकारानंतर ते ‘चुकीमुळे मृत्यू’ झालं.

असा आकडा समोर आला की मी पहिल्यांदा एकच गोष्ट करतो: तो एकूण मृत्यूंशेजारी ठेवून बघतो. अमेरिकेत २०१० साली रुग्णालयांत दाखल असताना वारलेले लोक साधारण ७,१५,०००. अडीच लाख चुकांमुळे गेले म्हणायचं तर रुग्णालयातला प्रत्येक तिसरा मृत्यू चुकीमुळे झाला. २०१३ मध्ये जॉन जेम्स यांनी २,१०,००० ते ४,४०,००० असा अंदाज दिला होता, त्याची वरची बाजू धरली तर दहातले सहा. रुग्णालयात मरायला टेकलेले कॅन्सरचे रुग्ण असतात, मेंदूत मोठा रक्तस्राव झालेले असतात, नव्वदीतले न्यूमोनियावाले असतात. ज्याने कुठल्याही मेडिसिन वॉर्डात सहा महिने काढलेत त्याला विचारा, हे प्रमाण त्याला पटणार नाही. तेवढ्यावरून आकडा खोटा ठरत नाही, पण तो कुठून आला हे खोदून बघायला हवं, एवढं नक्की कळतं.

याच जातीचा जुना आकडा १९९९ चा. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने म्हटलं, ४४,००० ते ९८,००० मृत्यू. वरचा आकडा न्यूयॉर्कमधल्या १९८४ च्या केसपेपरांवरून आला होता आणि त्याचं गणित घरी बसून करता येतं. १९९७ च्या भरत्या ३ कोटी ३६ लाख. त्यातल्या ३.७ टक्क्यांना काही ना काही अपाय. अपाय झालेल्यांतले १३.६ टक्के दगावले. त्यातले ५८ टक्के अपाय टाळता येण्यासारखे होते असं तपासणाऱ्या डॉक्टरांना वाटलं. गुणाकार करा, ९८,००० येतात. यात तीन टक्केवाऱ्या एकमेकींना गुणल्या आहेत, म्हणून कुठलीही एक थोडी सरकली की उत्तर हजारोंनी हलतं. खालचा आकडा कोलोरॅडो आणि युटा राज्यांतल्या १९९२ च्या केसपेपरांतून आला, तो निम्म्याहूनही कमी. दोन्ही अभ्यास प्रामाणिक होते, पद्धतही साधारण एकच होती.

आणि ही सगळी टक्केवारी शेवटी ‘तपासणाऱ्या डॉक्टरांना वाटलं’ यावर टेकलेली आहे. ते वाटणं कसं असतं हे जवळून दाखवतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

८२ वर्षांच्या आजी. खुब्याचं हाड मोडलं, मधुमेह जुना, मूत्रपिंड आधीच थकलेलं, क्रिएटिनिन २.४. ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी थंडी-ताप, रक्तात जंतू पसरल्याची शंका, म्हणून अमिकॅसिन हे प्रतिजैविक सुरू झालं. मूत्रपिंडाच्या मानाने डोस कमी करायला हवा होता, तो पूर्ण लिहिला गेला. पाचव्या दिवशी लघवी कमी झाली. रात्री नऊला रक्त पाठवलं. अकराला रिपोर्ट तयार, पोटॅशियम ७.१, म्हणजे जीवघेणं वाढलेलं, पण तो रिपोर्ट लॅबच्या खिडकीतच पडून राहिला, कारण वॉर्डबॉय दुसऱ्या वॉर्डात अडकला होता. पहाटे तीनला हृदय थांबलं. ऑर्थोचे सर म्हणाले, जंतुसंसर्ग इतका होता की या आजी तशाही राहिल्या नसत्या. भूल देणाऱ्या मॅडम म्हणाल्या, ७.१ पोटॅशियम उतरवता येतं, कॅल्शियम-इन्सुलिन तर वॉर्डातच होतं, चार तास वाया गेले. मला दोघांचंही पटत होतं. त्या रात्री त्या वाचल्या असत्या असं मला वाटतं, आणि महिन्याभराने असत्या का, हे मी सांगू शकत नव्हतो. शेवटी इतिवृत्तात ‘बहुधा टाळता आला असता’ असं लिहिलं गेलं, मुख्यतः मॅडमनी नेटाने बाजू मांडली म्हणून.

आता या आजी आकडेवारीत कुठे जातात बघा. ‘अपायाचा हातभार लागलेले मृत्यू’ मोजणाऱ्या अभ्यासात त्या एक पूर्ण मृत्यू. त्यांच्या मृत्यू प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म ४ वर, लिहिलेलं होतं: तत्काळ कारण कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट, त्यामागे सेप्टिसिमिया (रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग), इतर आजार मधुमेह. अमिकॅसिन नाही, पोटॅशियम नाही, लॅबची खिडकी तर नाहीच. तिथून काढलेल्या आकडेवारीत त्या शून्य. (कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट हे कारण लिहू नका, हृदय आणि श्वास थांबणं म्हणजेच मृत्यू, हे आम्ही दर वर्षी नव्या रेसिडेंटना सांगतो. दर वर्षी ते तेच लिहितात.)

या वाटण्यावरही अभ्यास झालाय. अमेरिकेत माजी सैनिकांच्या सात रुग्णालयांतले १११ मृत्यू १४ अनुभवी डॉक्टरांना वाचायला दिले. हेवर्ड आणि होफर यांचा हा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार उत्तम असते तर मृत्यू निदान कदाचित टळला असता असं मत २२.७ टक्के रुग्णांबाबत आलं. ‘बहुधा किंवा नक्की’ टळला असता, असं विचारलं तर ६ टक्के. आणि रुग्ण शुद्धीत, भानावर असा पुढे तीन महिने तरी जगला असता का, हे विचारल्यावर उरले ०.५ टक्के. केसपेपर तेच, डॉक्टर तेच, फक्त प्रश्न बदलला. एकाच केसपेपरबद्दल दोन डॉक्टरांचं एकमत होण्याचं प्रमाणही तिथे फारच कमी होतं. आमच्या बैठका आठवल्या तर मला त्याचं नवल वाटत नाही.

मग मी स्वतः कुठला आकडा धरतो? जे अभ्यास मृत्यूपासून सुरुवात करतात, म्हणजे सगळे मृत्यू घेऊन त्यातले टाळता येण्याजोगे किती हे शोधतात, ते मला जास्त भरवशाचे वाटतात. इंग्लंडमध्ये १० रुग्णालयांतले १,००० मृत्यू असे तपासले गेले, त्यात ५.२ टक्के निघाले. पुढे ३४ ठिकाणांचे ३,४०० मृत्यू पाहिले तेव्हा ३.६. वेगवेगळ्या देशांतले आठ अभ्यास एकत्र करून २०२० मध्ये आलेलं प्रमाण ३.१ टक्के, आणि ते अमेरिकेच्या सात लाख पंधरा हजारांना लावलं की वर्षाला सुमारे २२,००० होतात. त्यातले तीन महिन्यांहून जास्त आयुष्य उरलेले ७,००० च्या घरात. अडीच लाखांपुढे हा आकडा फार लहान दिसतो. पण तो लहान नाही. दर तीस मृत्यूंमागे एक हे कुठल्याही रुग्णालयाने झोप उडवून घ्यावी असं प्रमाण आहे.

आता दुसरी बाजू, कारण आमच्या क्षेत्रातले लोक मोठे आकडे हाणून पाडून तिथेच थांबतात. लहान आकडाही तितकाच फसवा असू शकतो. अमेरिकेतल्या मृत्यू प्रमाणपत्रांवर आधारित एका विश्लेषणात २०१६ साली उपचारांच्या दुष्परिणामाने झालेले मृत्यू लाख लोकसंख्येमागे १.१५ एवढेच निघाले. वर आजींचं प्रमाणपत्र पाहिलंत, तेव्हा हे इतकं कमी का येतं ते कळलं असेल. प्रमाणपत्र आजार नोंदवायला बनलंय, त्यात ढिसाळपणाला रकाना नाही, ही मकारींची तक्रार मला पूर्ण मान्य आहे. आपल्याकडे तर त्याहून अडचण. बहुतेक मृत्यूंना वैद्यकीय कारणच लिहिलं जात नाही, शवविच्छेदन नातेवाइकांना नको असतं, आणि डॉक्टरला मारहाणीची, खटल्याची भीती असते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार डॉक्टरच्या हलगर्जीपणाने रुग्ण दगावला तर दोन वर्षांपर्यंत कैद आहे. कायदा चूक की बरोबर यात मी शिरत नाही, पण या वातावरणात केसपेपरवर ‘डोस जास्त गेला’ असं कोण लिहिणार? एखादं रुग्णालय सांगत असेल की आमच्याकडे वर्षात एकही औषधी दुष्परिणाम झाला नाही, तर मी तिथे अधिक सावध होतो.

भारतासाठी म्हणून आणखी एक आकडा ऐकायला मिळतो, १६ लाख. तो २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासातला आहे आणि बहुतेक वेळा चुकीचा सांगितला जातो. उपचारांनी टळू शकणारे भारतातले मृत्यू सुमारे २४ लाख, त्यातले १६ लाख निकृष्ट दर्जाच्या सेवेमुळे आणि साधारण ८ लाख सेवा मिळालीच नाही म्हणून, असा तो अंदाज. यात निदान चुकलेला क्षयरोगी आहे, रक्तदाब कधी नीट आटोक्यात न आलेला शेतकरी आहे, रक्त न मिळालेली बाळंतीण आहे. चांगली व्यवस्था असलेल्या देशांशी तुलना करून उरलेला फरक काढलाय, केसपेपर वाचून नव्हे. व्यवस्थेवर तो गंभीर आरोप आहे आणि मला तो खराच वाटतो. पण ‘ऑपरेशनला गेलात तर मराल’ असं त्यातून निघत नाही. उलट डॉक्टरांपर्यंत वेळेत आणि नीट न पोचण्याची किंमत त्यात आहे.

महाराष्ट्रातलं ताजं उदाहरण नांदेडचं. २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सांध्यावर तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बाळं. एकीकडे ‘औषधांअभावी २४ बळी’ हा आरोप आणि दुसरीकडे ‘रुग्ण अत्यवस्थ होऊनच आले होते’ हे रुग्णालयाचं उत्तर. नुसत्या २४ या संख्येवरून यातलं काहीच सिद्ध होत नाही. एरवी रोज किती मृत्यू होतात, आजूबाजूच्या जिल्ह्यांतून शेवटच्या क्षणी किती जण पाठवले गेले, नवजात विभागात खाटा किती आणि बाळं किती, प्रत्येक बाळाचं वजन काय, ऑक्सिजन-औषध कधी मिळालं, हे केसपेपरवरूनच कळतं. ‘अत्यवस्थ होते’ हे उत्तर खरं असलं तरी पुरेसं नसतं, अत्यवस्थ रुग्णाचाही मृत्यू टाळता येण्याजोगा असू शकतो. इंग्लंडमध्ये मिड स्टॅफर्डशायरच्या सरकारी रुग्णालयात असंच झालं. अपेक्षित मृत्यूंपेक्षा ४०० ते १,२०० जास्त, असा आकडा २००९ मध्ये वर्तमानपत्रांत गाजला. चौकशी करणाऱ्या रॉबर्ट फ्रान्सिस यांनी त्यावरून टाळता येण्याजोग्या मृत्यूंची अमुक एक संख्या ठरवणं धोक्याचं आहे असं सांगितलं, आणि त्याच वेळी तिथल्या रुग्णांचे हाल मात्र खरे आणि भयानक होते हेही तपशिलात मांडलं. तिथे डळमळीत होता तो आकडा, गैरकारभार मात्र खराच होता.

एक प्रकार मात्र सरळ फेकून द्यावा असा. तुमच्या मेसेजमध्ये नाही, पण पुढेमागे येईलच, कारण पर्यायी औषधं विकणाऱ्यांचा तो लाडका आहे: अमेरिकेत उपचारांनी वर्षाला ७,८३,९३६ मृत्यू. पर्यायी उपचारांचे अमेरिकी प्रचारक गॅरी नल आणि मंडळींनी औषधांचे दुष्परिणाम १,०६,०००, वैद्यकीय चुका ९८,०००, बेडसोअर १,१५,०००, रुग्णालयातले संसर्ग ८८,०००, कुपोषण १,०८,८००, बाह्यरुग्ण १,९९,०००, अनावश्यक ऑपरेशनं ३७,१३६ आणि शस्त्रक्रियेशी संबंधित ३२,००० अशी सरळ बेरीज केली. आमच्या आजींना बेडसोअर असता तर त्या यात चार ठिकाणी मोजल्या गेल्या असत्या.

तर काकांना काय सांगायचं? तिसरा क्रमांक हा काही डझन मृत्यूंच्या गुणाकाराचा आकडा आहे, ५२ लाख हे मृत्यू नाहीतच, नीट तपासलेलं प्रमाण रुग्णालयातल्या मृत्यूंच्या ३ ते ५ टक्के आहे आणि तेही परदेशातलं. भारताचा असा विश्वासार्ह राष्ट्रीय आकडा माझ्या हातात नाही, आणि असता तरी तुमच्या वडिलांच्या बाबतीत तो फारसा उपयोगाचा नव्हता.

त्यांच्यासाठी वेगळे प्रश्न आहेत. खड्यांचा त्रास होतोय का, की सोनोग्राफी दुसऱ्याच कारणासाठी केली आणि खडे दिसले? कधीच दुखलं नसेल तर बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही, मग काका चुकीच्या कारणाने का होईना बरोबर ठरतील. पोटात कळा येऊन गेल्या असतील, कावीळ किंवा स्वादुपिंडाला सूज झाली असेल, तर थांबण्यातही धोका आहे, कारण मग हेच ऑपरेशन तातडीत आणि बिघडलेल्या तब्येतीत करावं लागतं. ठरवून केलेल्या ऑपरेशनात पित्तनलिकेला इजा होण्याचं प्रमाण हजारी तीन ते पाचच्या आसपास सांगितलं जातं. तुमच्या सर्जनचं स्वतःचं काय आहे, महिन्याला अशी किती करतात, अवघड वाटलं तर पोट उघडण्याचा निर्णय कधी घेतात, हे बिनधास्त विचारा. चांगला सर्जन या प्रश्नाने दुखावत नाही. रात्री वॉर्डात डॉक्टर हजर असतो की फोनवर, आणि लॅबचा धोक्याचा रिपोर्ट वॉर्डला फोन करून कळवतात का, हेही विचारा.

आणि वडिलांच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं भूलतज्ज्ञांकडे घेऊन जा, नुसती नावं सांगू नका. स्टेंट बसवलेला असेल आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती मनाने बंदही करू नका आणि चालूही ठेवू नका, विचारून ठरवा. मधुमेहासाठी डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर ते आवर्जून दाखवा. ही औषधं साधारणपणे ऑपरेशनच्या तीन दिवस आधी थांबवतात, आणि एकत्र गोळीत दुसऱ्याच ब्रँडच्या नावाखाली असली की भल्याभल्यांच्या नजरेतून सुटतात.